बुरशीजन्य संसर्ग आणि श्वेत रक्तपेशींची संरक्षणव्यवस्था : म्युकरमायकोसिसच्या संदर्भात

सारांश : बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असूनही निरोगी माणसाला त्यांची गंभीर बाधा क्वचितच होते. याचे श्रेय प्रामुख्याने श्वेत रक्तपेशींना द्यावे लागते. या पेशी बुरशीला कशा ओळखतात, तिचा नाश कसा करतात आणि २०२१ मध्ये भारतात ही व्यवस्था कोठे दुबळी पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : श्वेत रक्तपेशी, न्यूट्रोफिल, बुरशी, म्युकरमायकोसिस, मधुमेह, स्टिरॉइड

प्रस्तावना

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. नाकालगतच्या पोकळ्यांतून डोळ्यांपर्यंत आणि काही रुग्णांत मेंदूपर्यंत पसरणाऱ्या या संसर्गामुळे अनेकांना डोळा किंवा वरचा जबडा गमवावा लागला. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी २८ जून २०२१ रोजी दिलेल्या माहितीनुसार तोपर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी ८५.५ टक्के रुग्णांना कोविड होऊन गेला होता, ६४.११ टक्के रुग्णांना मधुमेह होता, तर ५२.६९ टक्के रुग्णांना स्टिरॉइड देण्यात आले होते.

या रोगास ‘काळी बुरशी’ असे नाव रूढ झाले. वस्तुतः ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा बंद पाडते आणि त्यामुळे मृत झालेली ऊती काळी दिसते. तिचे बीजाणू माती, शेणखत, कुजणारा पालापाचोळा आणि शिळा पाव यांत पूर्वीपासूनच होते व आजही आहेत. श्वासावाटे ते आपल्या शरीरात नित्य जातात. म्हणून बुरशी कोठून आली यापेक्षा तिला रोखणारा पहारा का ढळला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

भक्षक पेशींचा शोध

श्वेत रक्तपेशींच्या कार्याविषयीच्या आधुनिक विचाराचा आरंभच बुरशीच्या संसर्गाशी निगडित आहे. रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेस्सिना येथे ताराम‍ाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला, तेव्हा काट्याभोवती भटक्या पेशी गोळा झालेल्या आढळल्या. पुढे १८८४ मध्ये त्यांनी डाफ्निया या गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका किण्वाचे सुईसारखे बीजाणू डाफ्नियाच्या आतड्याची भिंत भेदून आत शिरत आणि तेथील भक्षक पेशी त्यांना वेढून नष्ट करीत. पेशी यशस्वी झाल्या की प्राणी वाचे. बीजाणू आधी अंकुरले की तो मरे. या कार्याबद्दल मेचनिकॉफ यांना १९०८ मध्ये पॉल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. बीजाणूचे अंकुरण आणि भक्षक पेशींचे आगमन यांच्यातील ही शर्यत मानवी शरीरातही चालू असते.

शत्रूची ओळख

जीवाणूंच्या तुलनेत बुरशी ही पेशीरचनेच्या दृष्टीने प्राण्यांना अधिक जवळची आहे. तिच्या पेशीतही केंद्रक असते. त्यामुळे बुरशीला मारणारे, पण मानवी पेशीला अपाय न करणारे औषध शोधणे कठीण जाते. तथापि बुरशीच्या पेशीभोवती एक भित्तिका असते आणि मानवी पेशीला ती नसते. कायटिन, बीटा-ग्लुकान व मॅनन ही या भित्तिकेतील कर्बोदके म्हणजेच शत्रूची ओळखचिन्हे होत.

ही चिन्हे ओळखणारी ग्राही प्रथिने श्वेत पेशींच्या पृष्ठभागावर असतात. त्यांपैकी डेक्टिन-१ हे प्रथिन बीटा-ग्लुकानला ओळखते, असे २००१ मध्ये सिद्ध झाले. त्यापूर्वी १९९६ मध्ये जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले होते की, टोल नावाचे जनुक सदोष असलेली फळमाशी अॅस्परजिलस बुरशीच्या संसर्गाने मरते. हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हे संशोधन होते.

बुरशीही स्वतःला लपविते. अॅस्परजिलसच्या सुप्त बीजाणूवर जलरोधी प्रथिनाचा थर असतो व त्यामुळे त्याची चिन्हे झाकली जातात. बीजाणू ओलावा मिळून फुगू लागला की हा थर सुटतो, बीटा-ग्लुकान उघडे पडते आणि श्वेत पेशी सावध होतात. ही योजना शरीराच्याही हिताची आहे. श्वासातून येणाऱ्या प्रत्येक निद्रिस्त बीजाणूविरुद्ध दाह उसळला असता, तर फुप्फुसांचे कार्यच अशक्य झाले असते.

संरक्षणाच्या दोन फळ्या

अॅस्परजिलसचा बीजाणू दोन ते तीन मायक्रोमीटर एवढा लहान असल्याने तो थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तेथे मॅक्रोफेज म्हणजे मोठ्या भक्षक पेशी तैनात असतात. त्या बीजाणू गिळतात आणि विकरांच्या साहाय्याने त्यांचा नाश करतात. म्युकर गटातील रायझोपसचे बीजाणू तुलनेने चिवट असतात. मॅक्रोफेज त्यांना तत्काळ मारू शकत नाहीत. पण लोह मिळू न देता त्यांचे अंकुरण रोखून धरतात.

या फळीतून निसटलेला बीजाणू अंकुरला की त्यापासून लांब कवकतंतू वाढतो. हा तंतू भक्षक पेशीच्या आकारापेक्षा कितीतरी लांब असल्याने गिळता येत नाही. येथे दुसरी फळी पुढे येते. ती न्यूट्रोफिल पेशींची होय. रक्तातील श्वेत पेशींपैकी सामान्यतः ५० ते ७० टक्के न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जा दररोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते.

न्यूट्रोफिलजवळ प्रामुख्याने तीन साधने आहेत. पहिले साधन ऑक्सिजनपासून बनणाऱ्या दाहक रेणूंचे. ते तयार करणारे विकर जन्मतः सदोष असल्यास दीर्घकालीन ग्रॅन्युलोमा रोग होतो आणि अशा मुलांना अॅस्परजिलसचा संसर्ग वारंवार गाठतो. या साधनाचे महत्त्व यावरून स्पष्ट होते. दुसरे साधन पेशीतील प्रथिनांचे. त्यांपैकी कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन जस्त व मँगनीज बांधून ठेवते आणि बुरशीची उपासमार करते. तिसरे साधन २००४ मध्ये उजेडात आले. न्यूट्रोफिल स्वतःचे डीएनए बाहेर फेकून जाळे विणते. या जाळ्यात प्राणघातक प्रथिने चिकटलेली असतात. ही जाळी कॅन्डिडा बुरशीला पकडून मारतात, हे २००६ मध्ये दिसून आले. पुढे २०१४ मध्ये असेही आढळले की, न्यूट्रोफिल शत्रूचा आकार अजमावते. लहान किण्वपेशी ती गिळते आणि न गिळता येणाऱ्या लांब तंतूसाठी जाळे टाकते.

समन्वयाचे कार्य

या लढ्याला दिशा देण्याचे काम लिम्फोसाइट गटातील टी-पेशी करतात. त्यांपैकी टीएच-१७ नावाच्या पेशी इंटरल्युकिन-१७ हा संदेशक रेणू सोडतात. त्यामुळे त्वचा व श्लेष्मल पटल यांची प्रतिकारक्षमता वाढते आणि न्यूट्रोफिल तेथे बोलावले जातात. एचआयव्हीच्या संसर्गात टी-पेशी घटल्या की तोंडात कॅन्डिडाचे पांढरे थर दिसतात आणि क्रिप्टोकॉकसमुळे मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. याउलट कर्करोगावरील औषधांमुळे न्यूट्रोफिल घटले की अॅस्परजिलस फुप्फुसात खोलवर शिरतो. कोणत्या पेशीची उणीव आहे, त्यावरून कोणती बुरशी डोके वर काढील याचा अंदाज वैद्यकास बांधता येतो, तो यामुळेच.

२०२१ मध्ये काय घडले?

वरील विवेचनाच्या प्रकाशात म्युकरमायकोसिसच्या उद्रेकाचा अर्थ लागतो. अनियंत्रित मधुमेहात न्यूट्रोफिलची संसर्गस्थळी जाण्याची व दाहक रेणू तयार करण्याची क्षमता मंदावते. रक्तातील आम्लता वाढल्यास वाहक प्रथिनाला बांधलेले लोह सुटे होते. मॅक्रोफेज जे लोह बुरशीपासून राखून ठेवतात, तेच तिला सहज उपलब्ध होते. शिवाय वाढलेली साखर व लोह यांमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-७८ हे प्रथिन वाढते आणि त्याचाच आधार घेऊन ही बुरशी आत शिरते.

स्टिरॉइडची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ऑक्सिजनची गरज असलेल्या कोविड रुग्णांचा मृत्युदर डेक्सामेथासोनमुळे घटतो, हे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले. योग्य रुग्णास योग्य मात्रेत दिलेले हे औषध जीवदायी ठरले, हे मान्य करावयास हवे. मात्र ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णांना त्याचा लाभ झाला नाही. स्टिरॉइडमुळे रक्तातील साखर वाढते आणि मॅक्रोफेजची मारकशक्ती घटते. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून ऊतीत उतरू शकत नाहीत व रक्तातच फिरत राहतात. परिणामी रक्ततपासणीच्या अहवालात त्यांची संख्या वाढलेली दिसते; प्रत्यक्ष ऊतीत मात्र पहारा विरळ झालेला असतो. केवळ आकड्यावरून प्रतिकारशक्तीचा निवाडा करणे किती फसवे असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

समारोप

बुरशीजन्य रोगांवर मानवासाठी मान्यताप्राप्त लस आजही उपलब्ध नाही आणि औषधांचे प्रकारही मोजकेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ घातक बुरशींची प्राधान्य-यादी प्रथमच जाहीर केली. म्युकर गणातील बुरशींचा तिच्यात समावेश आहे. म्युकरमायकोसिसच्या उपचारात अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध आणि मृत ऊती काढून टाकणारी शस्त्रक्रिया यांच्याबरोबरच साखरेचे नियंत्रण तितकेच आवश्यक असते. श्वेत पेशींना पुन्हा कार्यक्षम केल्याशिवाय केवळ औषधाने लढाई जिंकणे अवघड असते.

यातून निघणारा बोध साधा आहे. हवेतील बीजाणू नाहीसे करणे कोणाच्याही हाती नाही. पहारा शाबूत ठेवणे बऱ्याच अंशी हाती आहे. मधुमेहाची नियमित तपासणी, वैद्यकीय सल्ल्याशिवाय स्टिरॉइड न घेणे आणि चेहऱ्यावरील सूज, नाकातून काळपट स्राव किंवा दृष्टीतील अचानक बदल यांकडे दुर्लक्ष न करणे, या गोष्टी त्यात मोडतात. प्रतिकारशक्ती वाढविण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींच्या काळात ही शक्ती नेमकी कोणत्या पेशींची, ती कशी चालते आणि कशाने खचते, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे ही विज्ञानाच्या प्राध्यापकांइतकीच अन्य विद्याशाखांतील अध्यापकांचीही जबाबदारी आहे.