नाव गिळलेली मुलगी

अद्भुत कादंबरीची नायिका म्हटली की ती एक तर राजकन्या असते, नाही तर हाती तलवार घेतलेली वीरांगना. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांनी कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१) या कादंबरीची नायिका यांपैकी कोणीच नाही. ती देवाला वाहिलेली मुलगी आहे, म्हणून तिच्याविषयी येथे लिहावेसे वाटले.

तेनार ही फळबागेत राबणाऱ्या गरीब माणसाची मुलगी. थडग्यांची मुख्य पुजारीण मेली त्याच रात्री ही जन्मली; एवढ्यावरून तीच पुन्हा जन्मास आली असे धर्मसत्तेने ठरविले. पाच वर्षांची झाल्यावर तिला आईबापांपासून नेले आणि विधी करून तिचे नाव काढून घेतले. नवे नाव ‘अर्हा’. आपल्या कानाला संस्कृत ‘अर्ह’ आठवेल, पण तेथील भाषेत त्याचा अर्थ ‘खाल्ली गेलेली’. कचरू, धोंडू, दगडू ही नावे वागविलेल्या समाजाला नाव काय करते हे सांगायला नको.

गंमत अशी की या मुलीपुढे सारे वाकतात. थडग्यांखालच्या भुयारात तीच मालकीण. पकडून आणलेल्या कैद्यांना कसे मारायचे हे तीच ठरविते. अन्नपाण्यावाचून अंधारात मरू द्या, असा हुकूम देते, आणि मग रात्री दचकून उठते. कुमारांच्या पुस्तकात नायिकेच्या हातून असे पाप लेखक सहसा घडू देत नाहीत. मला या कादंबरीचे मोल येथे वाटते. खरी सत्ता मात्र देवराजाची पुजारीण कोसिल हिच्या हाती असते.

खंडोबाला सोडलेल्या मुरळीच्या, यल्लमाच्या जोगतिणीच्या पायाही लोक पडतातच. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहिले; १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी मुरळ्या-जोगतिणींना हे जिणे टाकून देण्यास सांगितले. तुलना येथेच थांबते. अर्हेच्या देहाचा बाजार कोणी मांडत नाही, ती उपाशी नाही. परंतु मुलीचे माणूसपण काढून घ्यायचे आणि बदल्यात नमस्कार द्यायचा, हा व्यवहार तोच.

मग गेड हा जादूगार भुयारात शिरतो. तो सावळा, तांबूस वर्णाचा; तिचे लोक गोरे. (२००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत त्याला गोरा केले, तेव्हा लेखिकेने जाहीर निषेध केला होता.) ती त्याला कोंडते, पण मारत नाही, पाणी देते. तो तिला तेनार म्हणून हाक मारतो. नाव परत द्यायला बाहेरचा पुरुषच यावा लागला, हा आक्षेप रास्त आहे. तरी सुटल्यावर ती कृतज्ञतेने त्याच्या पाया पडत नाही. समुद्रकिनारी त्याच्यावरच सुरी उगारायला निघते, आणि वाया गेलेल्या वर्षांसाठी रडते.

१९९० साली ले ग्विन तिच्याकडे परतल्या. ‘तेहानू’त ती शेतकऱ्याची प्रौढ विधवा आहे. घरच्यांनीच आगीत ढकललेली, अर्धा चेहरा जळालेली एक पोर तिने सांभाळली आहे. लोक त्या पोरीकडे पाहणे टाळतात. तिला शिकायला घ्यायला गावची चेटकीणसुद्धा भिते.