आगगाडीनिरीक्षण

रेल्वेस्थानकावर, पुलावर किंवा लोहमार्गाच्या कडेला थांबून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची एंजिने पाहण्याचा, त्यांचे क्रमांक व वर्ग टिपून ठेवण्याचा छंद. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत हा छंद ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांत विशेष पसरला आणि बाष्प एंजिनांच्या अस्ताबरोबर त्याला स्मरणरंजनाचे रूप आले. कोल्हापूर-मिरज भागातही बाष्प एंजिनांचे आकर्षण कमी नव्हते. परंतु ते टिपणवहीत न उतरता कानांत आणि बोलण्यात राहिले. या फरकाची कारणे बहुतांशी त्या त्या ठिकाणच्या रेल्वेच्या इतिहासात सापडतात.

ब्रिटनमध्ये या छंदाला निश्चित रूप दिले ते इअन ॲलन यांनी. लंडनमधील सदर्न रेल्वेच्या कार्यालयात कारकून असताना त्यांनी १९४२ मध्ये त्या रेल्वेच्या एंजिनांचे क्रमांक देणारी एक छोटी पुस्तिका काढली. पुढे इतर रेल्वेकंपन्यांच्या एंजिनांच्याही अशा पुस्तिका निघाल्या. पाहिलेल्या एंजिनाच्या क्रमांकाखाली रेघ मारावयाची, असा रिवाज पडला. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा तिच्याकडे सु. २०,००० बाष्प एंजिने होती. ही संख्या मोठी असली, तरी मोजता येण्यासारखी होती. यादी केव्हातरी पुरी होईल, ही आशा या छंदाच्या मुळाशी होती. परंतु १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने बाष्प एंजिने मोडीत काढण्याचे ठरले आणि यादी पुरी होण्याऐवजी आखडू लागली. ‘ईव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेचे शेवटचे बाष्प एंजिन १९६० मध्ये स्विंडन येथे तयार झाले. ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूल ते कार्लाइल अशी निरोपाची गाडी धावली; तिचे भाडे पंधरा गिनी, म्हणजे त्या काळी बरेच चढे होते. अखेरच्या वर्षांत मुले व प्रौढ एंजिनांच्या आगारांभोवती घोटाळत असत. ज्यांनी तो काळ टिपला, त्यांच्या टिपणांतून व छायाचित्रांतून पुढे विपुल वाङ्मय निर्माण झाले. वेल्समधील बॅरी येथील भंगाराच्या आवारातून २१३ एंजिने हौशी मंडळांनी सोडवून नेली, हेही त्याच ओढीचे फळ होय.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी आहे. मिरज-कोल्हापूर हा सु. ४७ किमी. लांबीचा मीटरमापी लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. त्याच्या कामाचा आरंभ १८८८ मध्ये, छत्रपती शाहू महाराज अल्पवयीन असताना झाला व १८९१ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. गाड्या चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे, १९०८ नंतर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होते. कृष्णा आणि पंचगंगा ओलांडून जाणाऱ्या या मार्गाने कोल्हापूरचा गूळ बाहेर जाऊ लागला आणि शाहूपुरीच्या बाजारपेठेला बळ मिळाले. मात्र पुणे-मिरज मार्ग मीटरमापी आणि मुंबई-पुणे मार्ग रुंदमापी असल्याने पुण्यास माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे. गुळाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने मीटरमापी गाडी ही जिव्हाळ्याची वस्तू नव्हे, ती एक अडचण होती. त्यामुळे १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंदमापी झाला आणि कोल्हापूरहून थेट मुंबईस जाता येऊ लागले, तेव्हा मार्गावरील जुन्या एंजिनांसाठी निरोपाची गाडी सोडावी, असे फारसे कोणाच्या मनात येण्याजोगे नव्हते. ब्रिटनमध्ये बाष्पयुगाचा अंत हा एक तोटा म्हणून अनुभवला गेला. कोल्हापुरात तो बहुतांशी पुरी झालेली मागणी म्हणून.

तरीही आठवण राहिली. ती मुख्यतः आवाजाची आहे आणि तिचे कारण यांत्रिक आहे. दोन सिलिंडरांच्या एंजिनात प्रत्येक दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ काम करते. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात वाफ चार वेळा धुराड्यातून फेकली जाते आणि चार ठोके ऐकू येतात. भारतीय मीटरमापी मार्गांवरील वायपी वर्गाच्या एंजिनाच्या चालक चाकाचा व्यास १,३७२ मिमी. होता. ताशी १० किमी. वेगाने असे एंजिन चालले, तर सेकंदाला साधारण अडीच ठोके पडतात व ते सुटे ऐकू येतात. ताशी ४० किमी. वेगात ते सु. दहा होतात आणि एकमेकांत मिसळून जातात. मराठीतला ‘झुकझुक’ हा ध्वन्यनुकारी शब्द म्हणजे नुकत्याच सुटलेल्या, अजून वेग न घेतलेल्या गाडीचे अचूक वर्णन होय. ग. दि. माडगूळकर यांच्या बालगीताने धूर सोडणाऱ्या या गाडीची मामाच्या गावाशी कायमची सांगड घातली. बाष्प एंजिन ज्यांनी कधी पाहिले नाही, त्यांच्याही मनात ते असते, याचे बरेचसे श्रेय या गीताकडे जाते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. स्मरणरंजन हे पाहणाऱ्याचे असते. एंजिनात कोळसा सारणाऱ्या आगवाल्याला उघड्या भट्टीची धग, डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी आणि पाळी संपल्यावर राख काढण्याचे काम यांची आठवण असे. ब्रिटनमध्येही या कामासाठी माणसे मिळेनाशी झाली, हे बाष्प एंजिने जाण्याचे एक कारण होते. छंदाच्या वाङ्मयात या बाजूला क्वचितच जागा मिळते.

कोल्हापूर मार्ग रुंदमापी झाल्यानंतरही मिरजेस बाष्प एंजिने उरली होती. मिरजेच्या दक्षिणेचा बेळगाव-लोंढ्याकडचा मार्ग मीटरमापीच राहिला आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग १९२७ मध्ये मिरजेस येऊन मिळाला होता. त्यामुळे १९७१ नंतर १,६७६, १,००० व ७६२ मिमी. अशा तिन्ही मापांचे रूळ मिरजेस एकत्र आले. भारतातही असा संगम विरळाच. स्वदेशातील बाष्प एंजिने संपल्यावर ब्रिटिश छंदी प्रवासी भारताकडे वळले, तेव्हा अशा स्थानकांचे त्यांना अप्रूप वाटणे साहजिक होते. वारीच्या दिवसांत टपापर्यंत भरलेली पंढरपूरची छोटी गाडी स्थानिकांच्या लेखी नित्याची गर्दी होती. पाहुण्यांच्या लेखी ती हरवलेल्या बालपणाची दुसरी आवृत्ती होती. ब्रिटिश अभ्यासक ह्यू ह्यूझ यांनी १९९० नंतर भारतीय एंजिनांच्या सविस्तर याद्या चार भागांत प्रसिद्ध केल्या. येथल्या एंजिनांची वंशावळ आज पाहावयाची, तर प्रथम त्या इंग्रजी याद्यांकडेच जावे लागते.

मिरज-कोल्हापुरात टिपणवहीची परंपरा का रुजली नाही, याला साधी कारणेही आहेत. छायाचित्रक सामान्य घरात नसे. स्थानके व पूल यांची छायाचित्रे परवानगीवाचून काढता येत नसत. शिवाय एंजिनांच्या क्रमांकांच्या स्वस्त छापील पुस्तिका येथे मिळत नव्हत्या. आणि छापील यादी हातात नसेल, तर क्रमांक टिपण्याला अर्थ उरत नाही.

भारतात बाष्प एंजिनांचा अस्त एका दिवसात झाला नाही. चित्तरंजन येथे १९५० पासून २,३५१ बाष्प एंजिने तयार झाली. ‘अंतिम सितारा’ हे शेवटचे रुंदमापी एंजिन १९७० मध्ये आणि शेवटचे मीटरमापी एंजिन १९७२ मध्ये बाहेर पडले. म्हणजे ब्रिटनने निरोप दिल्यानंतरही येथे नवी एंजिने बनत होती. रुंदमापी मार्गावरील नियमित बाष्पगाड्या १९९५ मध्ये बंद झाल्या. मिरजेच्या दक्षिणेचा मीटरमापी मार्ग १९९० नंतरच्या दशकात रुंदमापी झाला व पंढरपूरच्या अरुंदमापी मार्गाची पाळी २०१० च्या सुमारास आली.

जतनाचे काम येथे उशिरा सुरू झाले. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले आणि १८५५ मधील ‘फेअरी क्वीन’ हे एंजिन १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आणले गेले. महाराष्ट्रात पुण्याच्या कोथरूड भागात १९९८ मध्ये लघुरेल्वेचे एक खाजगी संग्रहालय निघाले असून त्यातील चालत्या प्रतिकृतींत बाष्प एंजिनेही आहेत. कोल्हापूरच्या स्थानकास आता छत्रपती शाहू महाराजांचे नाव आहे. मीटरमापी काळातील गाड्यांच्या आठवणी मात्र तेथील वृद्ध प्रवासी, निवृत्त चालक आणि गूळबाजारातील जुनी मंडळी यांच्या तोंडी आहेत. १९७१ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आता पासष्टीच्या घरात आहेत. कोणत्या गाडीला कोणते एंजिन लागे, पाणी कोठे भरले जाई, पुण्यास माल बदलताना किती वेळ मोडे, या गोष्टी लिहून घ्यावयाच्या असतील, तर त्यांच्याकडूनच घ्याव्या लागतील.