इन्सुलिन सुरू झाले, घाबरू नका : दुष्परिणाम ओळखा आणि घरच्यांनाही शिकवा

विमानतळामुळे ओळखले जाणारे बिरसी असो की गोंदिया तालुक्यातील धानपट्ट्यातले दुसरे कुठलेही गाव, डॉक्टरांनी "आता इन्सुलिन घ्यावे लागेल" असे म्हटले की घरात सुतकी कळा येते. "एकदा सुई लागली की सुटत नाही", "इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी" असे शेजारीपाजारी सांगू लागतात. चार दिवसांनी हात थरथरले किंवा पाय सुजले, की रुग्ण सुई बंद करतो आणि कुणाला सांगतही नाही. धोका खरा इथेच आहे. म्हणून समाजातील तरुण आणि कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

बाबासाहेबांनीही इन्सुलिन घेतले

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस, संविधानाच्या कामाच्या त्या दिवसांत, ते इन्सुलिन घेत होते. पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाल्यानंतर डॉ. सविता आंबेडकर यांनी त्यांच्या प्रकृतीची काळजी घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी याच आजारपणाच्या काळात लिहिला. ज्यांची सुई म्हटली की मान खाली जाते, त्यांना हे आवर्जून सांगा. इन्सुलिन हे व्यसन नाही आणि पराभवही नाही. शरीरात जे कमी पडते, ते आपण बाहेरून देतो.

साखर कमी होणे : सर्वात महत्त्वाचा धोका

इन्सुलिनचा सर्वात गंभीर दुष्परिणाम म्हणजे रक्तातील साखर प्रमाणाबाहेर खाली जाणे. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला की सावध व्हा. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड आणि बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. रात्री झोपेत साखर उतरली तर वाईट स्वप्ने पडतात, कपडे घामाने ओले होतात आणि सकाळी डोके दुखते.

अशा वेळी माणूस अडखळत बोलतो, झोकांड्या खातो. लोकांना वाटते, पिऊन आला. त्याला तसेच पडू दिले तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी साखर, मग चौकशी.

उपाय सोपा आहे. चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच पाजा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा ७०च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच द्या. बरे वाटले की पोटभर खायला द्या. बिस्किटे किंवा भाताने साखर लवकर चढत नाही, म्हणून सुरुवात त्यांनी करू नका. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ला फोन करा.

साखर का उतरते? सुई घेऊन जेवण लांबले, दारू प्यायली किंवा नेहमीपेक्षा जास्त कष्ट झाले तर. रोवणीच्या हंगामात दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईची गरज घरी बसलेल्या दिवसापेक्षा वेगळी असते. म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या आणि ओच्यात साखरेची पुडी ठेवा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाताना गर्दीत जेवणाची वेळ चुकते. प्रवासातही ही पुडी सोबत हवी.

उपोसथाच्या दिवशी

वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे परस्पर ठरवू नये. डॉक्टरांशी आधी बोलावे. विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ही औषधे म्हणून मान्य केलेली आहेत. तेव्हा साखर उतरली असता गोड घेतल्याने शील मोडते, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. धम्म माणसाला वाचवण्यासाठी आहे.

बाकीचे त्रास

वजन वाढणे : पूर्वी जी साखर लघवीवाटे वाया जात होती, ती आता अंगी लागते. म्हणून दोन-चार किलो वजन वाढू शकते. सुई चुकवू नका. भाताचा वाढप थोडा कमी करा, भाजी-डाळ वाढवा आणि रोज चाला.

अंधुक दिसणे : साखर झपाट्याने खाली आली की काही आठवडे नजर बदलते. त्या काळात नवा चष्मा करू नका. त्रास टिकला तर डोळे तपासा.

पायांवर सूज : सुरुवातीला शरीरात पाणी व मीठ थोडे साचते, ते बहुधा ओसरते. मात्र धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

सुईच्या जागी गाठ : एकाच जागी वारंवार टोचले की चरबीची गाठ बनते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. पोटावर व मांडीवर जागा बदलत राहा. दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवा आणि गाठीत टोचू नका. जागेवर थोडा लालसरपणा चालतो. पण अंगभर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर तातडीने रुग्णालयात न्या.

सिरिंज आणि मटका

आपल्याकडे ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदीची इन्सुलिने मिळतात. ४०च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, १००ला केशरी टोपणाची. ४०च्या सिरिंजमध्ये १००चे इन्सुलिन भरले तर डोस अडीचपट होतो. दुकानातून घेताना कुपी आणि सिरिंज यांवरचा आकडा जुळतो का, ते तपासा.

विदर्भाच्या उन्हात पारा ४५च्या आसपास जातो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांवर, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन फेकून द्या. फ्रीज नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा मातीच्या मटक्यात गारव्याला ठेवा. उघडलेली कुपी साधारण चार आठवड्यांत संपवा.

सिकलसेल असेल तर

पूर्व विदर्भात, आपल्या समाजातही, सिकलसेल आढळतो. या आजारात लाल पेशी लवकर मरतात. त्यामुळे तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी खरी स्थिती लपवू शकते. आकडा चुकला तर इन्सुलिनचा डोसही चुकेल. म्हणून रुग्णाने किंवा कुटुंबाने सिकलसेलची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी आणि बोटाच्या थेंबाच्या तपासणीची वही नियमित ठेवावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

विहारात महिन्यातून एकदा या विषयावर बोला. इन्सुलिन घेणाऱ्यांची यादी गावात जाहीर न करता, त्यांच्या घरच्या दोघांना साखर उतरल्याची लक्षणे शिकवा. विहारात ग्लुकोजचा डबा आणि साखर तपासायचे यंत्र ठेवा. आशाताईंना सोबत घ्या. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वही घेऊन रुग्णाला स्वतः न्या. डोस कमी-जास्त करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील. ते आपल्यापैकी कुणीही ठरवू नये. सुई बंद करण्याआधी डॉक्टरांना एक फोन, एवढी सवय गावात रुजली तरी अनेक घरे वाचतील.