सूतिका-परिचारिकेची निवड : वैद्याने कुटुंबास काय सांगावे?

आठव्या-नवव्या महिन्यातील गर्भिणीस घेऊन येणारे कुटुंब आज आहार-विहाराबरोबर आणखी एक प्रश्न वैद्यास विचारू लागले आहे. बाळंतपणासाठी बाई कशी पारखून घ्यावी? गोंदिया, तिरोडा, आमगाव यांसारख्या गावांतही एकत्र कुटुंबे विरळ झाली आहेत. माहेरची आई स्वतः नोकरीत असते, तर लेक नागपूर, पुणे किंवा रायपूरला राहते. पूर्वी घरातील अनुभवी स्त्रिया आणि गावची सुईण जे काम पाहत, ते आता वेतन देऊन करवून घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष, परिचारिकेच्या कामाची मर्यादा आणि आपले उत्तरदायित्व यांचा विचार केला आहे.

‘डूला’ म्हणजे कोण?

मोठ्या शहरांत या कामासाठी ‘डूला’ हा शब्द रूढ होत आहे. मूळ ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सेविका असा होतो. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ साली स्तनपानावरील आपल्या ग्रंथात तो आजच्या अर्थाने वापरला. प्रसूतीच्या वेळी सोबत राहून धीर देणारी आणि प्रसूतीनंतर घरी येऊन माता व बालक यांची काळजी घेणारी, असे तिचे दोन प्रकार आहेत. दोघींपैकी कोणीही प्रसूती करवीत नाही, तपासणी करीत नाही व औषध देत नाही.

अशा सोबतीचे महत्त्व संशोधनानेही मान्य केले आहे. २०१७ सालच्या कॉक्रेन समीक्षेत २६ अभ्यासांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा विचार झाला. सतत सोबत लाभलेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक व सिझेरियनचे प्रमाण कमी असल्याचे त्यात दिसून आले. केंद्र शासनाने २०१६ साली शासकीय रुग्णालयांत प्रसूतीसमयी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली. ही सोबतीण स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली असावी, तिला संसर्गजन्य विकार नसावा आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात हस्तक्षेप करू नये, अशा अटी त्यात आहेत. वेतन देऊन आणलेल्या बाईस प्रसूतिकक्षात प्रवेश मिळेल काय, हे मात्र संबंधित रुग्णालयात आधीच विचारून ठेवावे.

ग्रंथोक्त निकष

या अटी वाचताना आपणास संहितांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागारातील स्त्रिया अनेकवार प्रसूत झालेल्या, स्नेहशील, कार्यकुशल, विषादरहित व क्लेश सहन करणाऱ्या असाव्यात, असे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी परिणत वयाच्या, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या चार स्त्रिया सांगितल्या आहेत. नखांचा हा उल्लेख किती व्यवहारी आहे!

चतुष्पादांतील परिचारकाचे चार गुण हीच आजही निवडीची उत्तम कसोटी होय.

१) उपचारज्ञता : तिने किती बाळंतिणी सांभाळल्या, सिझेरियन झालेली बाळंतीण सांभाळली आहे काय, हे विचारावे. ‘ताप आला तर काय कराल?’ या प्रश्नास ‘काढा देईन’ असे उत्तर आल्यास ती बाई नाकारावी. ‘डॉक्टरांना कळवीन’ हे योग्य उत्तर होय.

२) दाक्ष्य : बालकास उचलणे, अंगावर घेण्यास आईला साहाय्य करणे, स्नानानंतर त्वरित कोरडे करून गुंडाळणे, हे प्रत्यक्ष पाहावे.

३) अनुराग : ती बाळंतिणीस टोचून बोलते की धीर देते, मुलगी झाल्यास तोंड वाकडे करते काय, हे पूर्वीच्या घरी चौकशी करून जाणावे. आपल्या जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत. बाळंतिणीस मन मोकळे करता येईल अशी भाषा तिला यावी.

४) शौच : नखे, हात, वस्त्रे पाहावीत. खोकला, त्वचाविकार किंवा ताप असताना तिने कामावर येऊ नये.

डूला प्रशिक्षण खासगी संस्था देतात. त्यासाठी परिचर्या परिषदेची वैधानिक नोंदणी नाही. एएनएम व जीएनएम परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. म्हणून कोणी ‘मी नर्स आहे’ असे सांगितल्यास नोंदणी क्रमांक मागणे हा कुटुंबाचा हक्क आहे.

काय करावे, काय टाळावे

सूतिका धातुक्षीण असते व तिचे व्याधी कृच्छ्रसाध्य होतात, म्हणून मर्यादा स्पष्ट लिहून देणे इष्ट.

* अभ्यंग वैद्याच्या सल्ल्यानेच सुरू करावा. सिझेरियन झाले असल्यास उदरावर मालीश करू नये आणि पट्टबंधन शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस विचारूनच करावे. एका पोटरीस सूज व वेदना असल्यास ती मुळीच चोळू नये. तेथे रक्ताची गुठळी असू शकते.
* आपल्याकडील हिवाळा कडक असतो. बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या बंद करणे प्राणघातक ठरू शकते. धुरीही बालकाच्या खोलीत नको.
* पाणी तोडू नये. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. अशा मातेस पाण्याची कमतरता व थंडी दोन्ही घातक होत. तिच्या तपासणीचा अहवाल परिचारिकेस माहीत असावा.
* जातमात्र बालकास मधु-घृत देण्याचा उल्लेख ग्रंथांत आहे, हे आपण जाणतो. तथापि मधातील जीवाणूंच्या बीजांमुळे लहान बालकास गंभीर विषबाधा होऊ शकते, हे आज ज्ञात आहे. एक वर्षापर्यंत मध नको. पहिल्या तासात चीक दूध व सहा महिने केवळ स्तन्य, हेच सांगावे. गुटी, नाळेवर तेल वा राख, कानात तेल, डोळ्यांत काजळ आणि बालकाचे स्तन पिळणे हे सर्व वर्ज्य.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे परिचारिकेस व घरच्यांस तोंडपाठ असावीत. मातेच्या बाबतीत : तासाभरात पॅड भिजविणारा रक्तस्राव, ताप, दुर्गंधी स्राव, तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी, झटके, धाप आणि सतत रडू येणे वा जीव नकोसा वाटणे. बालकाच्या बाबतीत : दूध न ओढणे, अंग गार वा तप्त होणे, जलद श्वास, छाती आत ओढली जाणे, तळहात-तळपाय पिवळे होणे, नाळेतून पू येणे, झटके. अशा वेळी घरगुती उपाय न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे भान सामान्य शिक्षणाच्या स्त्रीसही येऊ शकते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकाच्या काळजीचे शिक्षण दिले. नियंत्रण गावांच्या तुलनेत तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात बालकांसाठी २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते. ही सेवा विनामूल्य आहे. ज्यांना परिचारिकेचे वेतन परवडत नाही, त्यांना हे अवश्य सांगावे. ज्यांना परवडते, त्यांनीही आशाताईंची भेट टाळू नये.

व्यवहार आधी ठरवावा

कामाचे तास, दिवस, रात्रीचा मुक्काम, जेवण, सुट्टी व वेतन हे सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून घ्यावे. प्रसूतीची तारीख मागेपुढे झाल्यास किंवा ती आजारी पडल्यास पर्यायी व्यवस्था ठेवावी. धुणीभांडी तिच्यावर लादू नयेत. सुश्रुतमते सूतिकाकाल दीड महिन्याचा आहे. निदान तेवढ्या अवधीचा विचार करून बोलणी करावीत.

वैद्यबंधू-भगिनींनो, चतुष्पादांत परिचारकास स्थान दिले आहे ते शोभेसाठी नव्हे. आपण दिलेले पथ्य व औषध बाळंतिणीपर्यंत याच बाईच्या हातून पोहोचते. तेव्हा नवव्या महिन्यात तिलाही एकदा चिकित्सालयात बोलवावे, वरील सूचना समोर बसवून समजावून द्याव्यात आणि आपला दूरध्वनी क्रमांक तिच्याजवळ असू द्यावा.