परसबाग आणि पावसाची नोंदवही

खेड्यातील बहुतेक घरांमागे हातभर का होईना, मोकळी जागा असते. मोरीचे सांडपाणी तिकडे वाहते, त्यावर अळू वाढते व कुंपणावर दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल चढतो. या परसाचा उपयोग घरच्या भाजीपुरताच मानण्याची रीत आहे. वास्तविक, हवामान आणि पीक यांचा संबंध मुलांच्या प्रत्ययास आणून देण्यास इतके सोयीचे साधन दुसरे नाही. शेतातील पेरणी फसली तर घराचे वर्ष बुडते. परसातील फसली तर मूठभर बियाणे जाते. म्हणून शिक्षणाचा आरंभ परसातून व्हावा.

पेरणीची वेळ शेतकरी परंपरेने नक्षत्रावरून ठरवितो. सूर्य मृग नक्षत्रात साधारणपणे ७ किंवा ८ जूनला, तर आर्द्रा नक्षत्रात २१ किंवा २२ जूनला प्रवेश करतो. ही गणना सूर्याच्या स्थितीची आहे. त्या दिवशी पाऊस येईलच, असे ती सांगत नाही. मृगाच्या एकदोन सरींवर बी टाकले जाते, पुढे पंधरवडाभर उघडीप पडते आणि उगवलेले रोप करपते. दुबार पेरणीचे संकट ते हेच. यास्तव ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत आला आहे.

परंतु आपल्या शिवारात किती पाऊस झाला, हे गावाला कळावे कसे? महसूल मंडळाच्या ठिकाणी हवामान केंद्र असले, तरी एका मंडळात अनेक गावे येतात, आणि पाऊस गावोगाव सारखा पडत नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरांवरील वाईला हजार मिलिमीटरही होत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा हा परिणाम होय. सपाट मुलुखातही वळवाची सर एका शिवारात कोसळते आणि शेजारी धूळ उडत राहते. तेव्हा गावाचा पाऊस गावातच मोजला पाहिजे.

त्यासाठी सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा पत्र्याचा डबा पुरेसा आहे. तो उघड्या जागी, काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच राहील असा घट्ट बसवावा. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. डब्याच्या तोंडाचा व्यास ११.३ सेंटिमीटर असल्यास क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे साचलेल्या दर १० मिलिलिटर पाण्यामागे १ मिलिमीटर पाऊस झाला. औषधाच्या मापाने हे पाणी मोजता येते. मोठ्या डब्यात पाऊस अधिक भरेल काय, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. पाणी अधिक साचते, पण त्याची खोली तीच राहते, हे मुलांनी दोन डबे शेजारी ठेवून स्वतः पाहावे.

नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी. भारतीय हवामान विभागाची पाऊस मोजण्याची वेळही हीच आहे. पावसाबरोबर वाऱ्याची दिशा, ढग, धुके व दव लिहावे, आणि समोरच्या रकान्यात परसबागेची स्थिती नोंदवावी. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. त्यानुसार ६ चौरस मीटरांच्या वाफ्यावर ५ मिलिमीटर पावसाने ३० लिटर पाणी पडते. त्या दिवशी भेंडी-गवारीला पाणी घालावे की नाही, हे मुलांना हिशेबाने ठरविता येईल. पावसाळा सरून वारा पूर्वेकडून वाहू लागला व सकाळी दव दिसू लागले, की मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर यांचे वाफे करावेत. हिवाळ्यात आभाळ दाटून राहिल्यास वालाच्या शेंड्यांवर मावा दिसतो काय, ते पाहावे. उन्हाळ्यात एका वाफ्यावर पालापाचोळा पसरावा, दुसरा उघडा ठेवावा आणि कोणती माती अधिक काळ ओली राहते, ते तपासावे.

एक दक्षता मात्र कटाक्षाने घ्यावी. पाऊस नसेल तर शून्य लिहावे. मोजणे राहून गेले असेल तर जागा कोरी सोडावी. अंदाजाने भरलेला आकडा कोऱ्या जागेपेक्षा घातक असतो, कारण त्यावर कोणीतरी पेरणी करील.

मृगापासूनची पावसाची बेरीज शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज लिहावी. ती पुढचे भविष्य सांगत नाही, झालेल्या पावसाचा हिशेब देते, हे पालकांना स्पष्ट करावे. बेरीज ७५ च्या पुढे गेल्यावरही वीतभर खणून ओल किती खोल उतरली, हे मुलांनी पाहावे आणि तेही त्याच फळ्यावर लिहावे.