लष्कराच्या ड्रोनचा हिशोब कोण ठेवतं?

सांगलीकडे उसावर फवारणी करणारा ड्रोन पाहिलाय ना? 'ड्रोन नियम, २०२१' प्रमाणे त्याला नोंदणी क्रमांक लागतो, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं. लष्कराच्या ड्रोनला मात्र हे नियम लागूच नाहीत. मग त्यावर लक्ष कुणाचं? खरेदी संरक्षण मंत्रालयाची, हिशोबतपासणी 'कॅग'ची आणि जाब विचारायचा संसदेनं. ही रीत जुनीच आहे. देवराष्ट्रेत जन्मलेले, कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६३ मध्ये त्यांनी चीन युद्धातल्या चुकांच्या चौकशीवर लोकसभेत निवेदन केलं. मूळ अहवाल मात्र गुप्तच ठेवला. ड्रोनचंही तसंच. तो कुठे उडतो हे गुपित राहू दे. पण खर्च किती झाला, ड्रोन वेळेत मिळाला का, हे आपल्या खासदारानं विचारायलाच हवं.