पानेवाडीपासून किती लांब?

मनमाडहून पॅसेंजरने निघालं की छत्रपती संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू आणि मग परभणी अशी स्टेशनं लागतात. साधारण याच क्रमाने पेट्रोलचा भावही चढत जातो. प्रत्येक टप्प्याला काही पैसे वाढतात आणि परभणीला पोचेपर्यंत मुंबईच्या भावावर दोनतीन रुपयांची भर पडलेली असते. राज्यातलं सर्वांत महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव वर्षानुवर्षं बातम्यांत झळकलं. मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलने राज्यात शंभरी गाठली ती आधी परभणीत. मुंबईला त्यासाठी २९ मेपर्यंत थांबावं लागलं.

जालना या चढणीच्या मध्यावर आहे. जालन्याच्या पंपावर ‘शंभराचं टाक’ म्हणणारा गडी भावाच्या पाटीकडे बघतो तेव्हा त्याच्या मनात दोन तक्रारी एकत्रच येतात. गेल्या वर्षी एवढं नव्हतं, ही एक. मुंबईला आपल्यापेक्षा स्वस्त का, ही दुसरी. चावडीवर आणि चहाच्या टपरीवर दोन्हींचं उत्तर एकाच शिवीत दिलं जातं. प्रत्यक्षात या दोन तक्रारींची मुळं निराळ्या ठिकाणी आहेत. भाव वाढतो तो परदेशातला तेलबाजार, डॉलर, दिल्ली आणि मुंबई यांच्यामुळे. मुंबई आणि जालन्यात फरक पडतो तो बव्हंशी पानेवाडीमुळे.

पानेवाडी हे नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातलं, मनमाडला खेटून असलेलं गाव. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो इथे आहेत. मुंबईच्या माहुलमध्ये १९५० च्या दशकात एस्सो आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांनी दोन रिफायनऱ्या उभारल्या. राष्ट्रीयीकरणानंतर त्या अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या झाल्या. तिथून मनमाडपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची पाइपलाइन १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि पुढे मध्य प्रदेशातून थेट दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत गेली. म्हणजे सह्याद्री ओलांडून मनमाडला येईपर्यंत पेट्रोलचा प्रवास स्वस्त आहे. नळीतून वाहणाऱ्या तेलाला ना ड्रायव्हर लागतो, ना टायर, ना टोल. पुढे जालन्यापर्यंतचे सुमारे पावणेदोनशे आणि परभणीपर्यंतचे जवळपास तीनशे किलोमीटर मात्र टँकरने कापायचे. लातूर-धाराशिवच्या बाजूला सोलापूरजवळचं पाकणी आहे, वऱ्हाडाला अकोल्याजवळचं गायगाव आहे. परभणी पडते सगळ्यांपासूनच लांब.

पंपमालकाचा या भावात काही हात नसतो, हे गिऱ्हाईकाला पटवणं अवघड जातं. तो पैसे भरून कंपनीकडे मागणी नोंदवतो, टँकर येतो, काठी टाकून माप घेतात, डेन्सिटी तपासतात, मग माल जमिनीखालच्या टाकीत उतरतो. भाव कंपनीकडून येतो. १६ जून २०१७ पासून तो रोज सकाळी सहाला बदलू शकतो. त्याआधी पंधरवड्याला बदलायचा, आणि त्याहीआधी सरकार ठरवील तेव्हा. पेट्रोल जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटलं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. सुटलं हे कागदावर. त्याकडे पुढे वळू.

आधी लिटरची फोड करू. २०२४ च्या उत्तरार्धात मराठवाड्यात पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास होतं असं धरून ढोबळ हिशेब असा पडतो: तेल आणि त्याची वाहतूक मिळून ५६ रुपये, केंद्राचं उत्पादन शुल्क २० रुपये, पंपमालकाचं कमिशन ४ रुपये आणि राज्याचा कर २५ रुपये. राज्याच्या कराचे दोन तुकडे आहेत. एक, २५ टक्के व्हॅट. दुसरा, लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा ठोक अधिभार. केंद्राचं शुल्क रुपयांत असतं, त्यामुळे तेल महाग झालं तरी ते आपोआप वाढत नाही. राज्याचा व्हॅट टक्क्यांत असतो. तो तेलावर बसतो, केंद्राच्या शुल्कावर बसतो आणि डेपोपासूनच्या गाडीभाड्यावरही बसतो. म्हणजे करावर कर तर आहेच, शिवाय अंतरावर कर आहे. पानेवाडीहून जालन्यापर्यंतच्या भाड्याच्या प्रत्येक रुपयामागे सरकारी तिजोरीत चार आणे पडतात. लांब राहण्याबद्दल जास्त कर देणारा हा मुलूख त्याच राज्याचा आहे, ज्याने वैधानिक विकास मंडळांपासून अनुशेषाच्या समित्यांपर्यंत बरंच काही मराठवाड्याच्या नावाने केलं.

हा मुद्दा बरीच वर्षं झाकलेला राहिला, कारण मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवरच्या व्हॅटचा दर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा एका टक्क्याने जास्त होता. डेपोजवळ असल्याचा मुंबईचा फायदा त्याने थोडा खाऊन टाकला होता. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी हा फरक मिटवला. १ जुलैपासून मुंबई परिसरातला पेट्रोलचा दर २६ वरून २५ टक्के आणि डिझेलचा २४ वरून २१ टक्के झाला. मुंबईकराला पेट्रोल सुमारे ६५ पैशांनी स्वस्त मिळालं. जालन्यात काहीच बदललं नाही, फक्त मुंबईशी असलेली तफावत तेवढीच रुंदावली. ‘राज्यभर समान कर’ हे ऐकायला न्याय्य वाटतं. जालन्यात बसून वाचलं की त्याचा अर्थ थोडा वेगळा लागतो.

आता भाव उसळतो कसा, ते पाहू.

आपण कच्चं तेल पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आयात करतो, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की मुंबईजवळच्या समुद्रात, १९७४ मध्ये सापडलेल्या ‘बॉम्बे हाय’मध्ये निघणारं तेलही जागतिक भावानेच मोजलं जातं. रिफायनरीच्या दारातला पेट्रोलचा भाव आखाती आणि आशियाई बाजारातला भाव, जहाजभाडं आणि डॉलरचा दर यांवर बांधलेला असतो. त्यामुळे भोकरदनच्या शेतकऱ्याचं डिझेल तीन बाजारांत एकाच वेळी उभं असतं: तेलाच्या, जहाजांच्या आणि रुपयाच्या. तिन्ही एकाच दिशेने पळाले की उसळी येते. ८ मार्च २०२२ च्या आसपास, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, ब्रेंट तेल पिंपाला १३९ डॉलरपर्यंत गेलं तेव्हा असंच झालं.

पण उसळीचा खरा मासला मला २०२० मध्ये दिसतो, कारण त्या वर्षी तेल स्वस्त झालं होतं. टाळेबंदीत जगाची चाकं थांबली. २० एप्रिलला अमेरिकन तेलाचा वायदा चक्क उणे भावात गेला. आपल्याकडे मात्र केंद्राने मार्च आणि मे मिळून पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपयांचं शुल्क वाढवलं. पाटीवरचा भाव त्या दोन्ही वेळी हलला नाही, म्हणून फारसं कुणी बोललं नाही. ७ जूनपासून कंपन्यांनी रोजची वाढ सुरू केली आणि महिनाअखेरपर्यंत जवळजवळ रोज भाव चढला. २४ जूनला दिल्लीत डिझेल पेट्रोलच्याही पुढे गेलं. जालना जिल्ह्यात तो पेरणीचा काळ. कपाशी, सोयाबीन, मका, तूर, सगळं त्याच दोन-तीन आठवड्यांत मातीत जायचं असतं, आणि ट्रॅक्टरवाला तासाचा भाव डिझेलवरून सांगतो. तेल जगात स्वस्त असताना इथल्या नांगरटीचा दर वाढला. त्याला ना अरब जबाबदार होते, ना पानेवाडीचं अंतर.

राज्यानेही संधी सोडली नाही. सप्टेंबर २०१५ च्या शेवटी मंत्रिमंडळाने दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लावला. दुष्काळ मराठवाड्याचा होता आणि जालना त्यात होताच. अधिभार काही महिन्यांसाठी म्हणून आला. २०१७ च्या एप्रिलमध्ये, महामार्गालगतची दारूदुकानं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाल्यावर, पेट्रोलवरच्या अधिभारात ३ रुपयांची भर पडली. म्हणजे दारू न पिणाऱ्या माणसाने दारूच्या बुडालेल्या महसुलाची भरपाई मोटारसायकलच्या टाकीतून केली. अधिभार कमीही झाला. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये उतरवले. पण २०१५ चा दुष्काळ ज्या आकड्यात विरघळला, त्यातून तो वेगळा काढून दाखवणं आता कुणाला जमणार नाही.

‘रोजचा भाव’ या शब्दप्रयोगाबद्दलही थोडं सांगायला हवं. ४ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीत, केंद्राने शुल्क कमी केलं आणि त्यानंतर साडेचार महिने कंपन्यांनी भाव हलवला नाही. मधल्या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि युद्धही सुरू झालं. निकालानंतर, २२ मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ होऊन लिटरमागे १० रुपये चढले. मुंबईत पेट्रोल १२० च्या वर गेलं. बाजारभावाने रोज थोडं थोडं वाढलं असतं तर त्याला कुणी उसळी म्हटलं नसतं. अडवून ठेवलेलं पाणी एकदम सोडलं की गोदाकाठच्या गावांना जे होतं, तेच इथे झालं. आर. डब्ल्यू. बेकन या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या पेट्रोलभावांवर लिहिताना असं दाखवलं की भाव चढताना अग्निबाणासारखे जातात आणि उतरताना पिसासारखे तरंगत येतात. आपल्या इथे पीसही निवडणुकीचा वारा बघून हलतं.

याउलट अमेरिकेत गॅलनचा भाव चौकाचौकाला वेगळा असतो, कारण तिथे पंपवाला स्वतः भाव लावतो. ७ मे २०२१ रोजी सायबर हल्ल्यामुळे कलोनियल पाइपलाइन बंद पडली आणि आग्नेयेकडच्या राज्यांत भाव चढले, पंप कोरडे पडले. कॅलिफोर्नियात पेट्रोलचं मिश्रणच निराळं लागतं, बाहेरून चटकन आणता येत नाही, म्हणून तिथला भाव कायम वरचा. आपल्याकडे टंचाईत भाव वाढत नाही, रांग वाढते. १ जानेवारी २०२४ ला ‘हिट अँड रन’च्या नव्या कलमाविरोधात ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. पानेवाडीतून टँकर निघेनात. दुसऱ्या दिवशी मराठवाड्यातल्या शहरांत पंपांवर रांगा लागल्या, लोक बाटल्या आणि कॅन घेऊन आले. पाटीवरचा भाव होता तोच राहिला. दिल्लीत रात्री चर्चा झाली आणि गाड्या हलल्या. चार-सहा जिल्ह्यांची गाडी एका गावातल्या डेपोंवर कशी टांगलेली आहे, हे त्या दोन दिवसांत दिसलं.

भावातल्या फरकाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो पानेवाडीनेच भयंकर रीतीने दाखवला. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे भेसळखोरांनी रॉकेल ओतून जिवंत जाळलं. टँकरमधल्या तेलाचा काळाबाजार त्यांनी रंगेहाथ पकडला होता. तेव्हा रेशनचं निळं रॉकेल डिझेलच्या साधारण एक तृतीयांश भावाला मिळत असे, आणि दोन्ही एकमेकांत सहज मिसळतात. सरकारने गरिबासाठी एक भाव ठेवला, बाकीच्यांसाठी दुसरा. मधल्या फरकावर डेपोच्या आसपास एक अख्खा धंदा उभा राहिला. पुढे रॉकेलचं अनुदान टप्प्याटप्प्याने संपलं आणि भेसळीचं ते अर्थकारण ओसरलं. आपल्या भागातला भाव कमी करा, अशी मागणी करणाऱ्याने हा इतिहास विसरू नये. दोन भावांच्या सीमेवर टँकर उभे राहतातच.

मग अंतराची भरपाई करायची कशी? २०२४ च्या धनत्रयोदशीला कंपन्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या: सात वर्षांनी पंपमालकांचं कमिशन वाढवलं, आणि डेपोपासून लांबच्या भागांसाठी राज्यांतर्गत गाडीभाड्याची फेररचना केली. ओडिशातलं मलकानगिरी, छत्तीसगडमधलं सुकमा अशा ठिकाणी भाव उतरले. आचारसंहिता असलेले भाग मात्र वगळले होते, आणि महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेची निवडणूक होती.

भाडं सगळीकडे समान करण्याच्या कल्पनेची एक दुसरी बाजू जालन्याला तरी कळायला हवी, कारण हे शहर लोखंडावर जगतं. १९५६ पासून सुमारे साडेतीन दशकं केंद्राने पोलादाचं भाडं देशभर समान ठेवलं. जमशेदपूरला जो भाव, तोच मुंबईला. खाणी बिहारात राहिल्या आणि कारखाने महाराष्ट्र-गुजरातेत आले. समान भाड्याचा तो फायदा आपल्या राज्याने मुकाट घेतला. पेट्रोलचं भाडं समान केलं तर नांदगाव-मनमाडकराने परभणीचं भाडं का भरावं, असा प्रश्न तिथे विचारला जाईल, आणि तो चूक नसेल.

म्हणून मला त्याहून लहान मागणी जास्त रास्त वाटते. भाडं ज्याचं त्याने द्यावं, पण भाड्यावर व्हॅट नको. त्यासाठी ना घटना बदलावी लागते, ना जीएसटी परिषदेची वाट पाहावी लागते; सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत परिषदेने पेट्रोल जीएसटीत घेणं टाळलं आहेच. राज्याने आपला सगळा कर त्या ५ रुपये १२ पैशांसारखा लिटरमागे रुपयांत लावला तरी अंतरावरचा कर आपोआप जातो. अडचण एवढीच की मग कच्चं तेल भडकेल त्या वर्षी मंत्रालयाला काही न करता मिळणारी वाढीव रक्कमही जाईल, आणि कुठल्याही पक्षाचा अर्थमंत्री ती सहजासहजी सोडणार नाही.